पंधरवड्याचा लेखक

पितृपंधरवडा लागला की कारली महाग होतात आणि सोनार माशा मारत बसतात. कापडाच्या दुकानातला शेठ गादीवर आडवा होतो. कुणी घर बघायला जात नाही, मुलगी दाखवत नाही, घरात नवा चमचासुद्धा आणत नाही. निदान मी तरी आजवर असंच बघत आले. परवा मात्र नातसुनेने मोबाइल पुढे धरला. "आजी, बघा, ह्या दिवसांतपण सेल लागलाय. मिक्सर निम्म्या किमतीत."

मी म्हटलं, घे बाई, पितर काही मिक्सर बघायला येत नाहीत. पण मनात आलं, बरं झालं हे सेल तेव्हा नव्हते. असते तर आमच्या भावजींचं पुस्तक झालंच नसतं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, मनोहर. मी लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा ते शाळेत जात होते, तरी मी पहिल्या दिवसापासून त्यांना अहोजाहो करते. तशी रीत होती. आता ते काल्हेरला मुलाकडे राहतात, सहाव्या मजल्यावर. खाली गोडाऊनं आणि ट्रक, वर भावजी आणि त्यांची पुस्तकं. जन्मभर लिहूनच पोट भरलं. आधी बातम्या लिहिल्या, मग जाहिराती, मग पुस्तकं. वाचनालयाची मंडळी त्यांच्यावर स्मरणिका काढताहेत, वहिनी तुम्ही काही लिहा म्हणाली. माझं शिक्षण चौथी. पण माणूस जिवंत आहे तोवर लिहिलेलं बरं. वाचून चिडेल तरी. मेल्यावर सगळेच गोड लिहितात.

त्यांच्यावर लिहायचं म्हणजे मला हा पंधरवडाच आठवतो. पावसाने पाठ फिरवलेली असते, पण गेलेला नसतो. ऊन ओल्या कपड्यासारखं अंगाला चिकटतं. शेलारला, म्हणजे सासूबाईंच्या माहेरी, भाताच्या लोंबीत दूध भरलेलं असतं आणि बांधावर उभं राहिलं की कच्च्या दुधाचा वास येतो. आमच्या परसात तेरडा फुललेला असायचा. भोपळ्याचा वेल आमचा, पण भोपळे धरायचे शेजाऱ्याच्या पत्र्यावर, आणि त्यावरून दर वर्षी बोलणं व्हायचं. गल्लीच्या दोन्ही बाजूंना पॉवरलूम. माग पितर मानत नाहीत. ते आपले खटखट चालूच. फक्त शुक्रवारी बंद. शुक्रवारी अशी शांतता व्हायची की कढईतला वडा तळताना बोलतो ते ऐकू यायचं. इतर दिवशी आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. माझा आवाज चढा आहे म्हणतात. भिवंडीत संसार केलेल्या कुठल्या बाईचा नाही?

ऐंशी सालाच्या आगेमागे भावजी मुंबईच्या एका दैनिकाचे इथले वार्ताहर झाले. सकाळी नगरपालिका, पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना अशी फेरी. दुपारी ओट्यावर बसून लिहायचं आणि लिफाफा घेऊन एसटी स्टँडकडे पळायचं. तो लिफाफा कंडक्टरच्या हातात द्यायचा. ठाण्याला पेपरचा माणूस उतरवून घ्यायचा. एकदा कंडक्टर विसरला आणि लिफाफा परतीच्या फेरीत वाड्याला गेला. त्यातली आगीची बातमी छापून आली तेव्हा त्या जागी नवे पत्रे चढले होते.

लिहून झालं की मला वाचून दाखवायचे. माझं मत मोलाचं होतं असं नाही. मी समोर असायची, एवढंच.

"भिवंडीत पाण्याचा ठणठणाट," ते वाचायचे.

"ठणठणाट घागरीचा होतो. पाण्याचा कसा होईल?"

"पेपरात तसंच लिहितात, वहिनी."

"मग पेपरात चूक लिहितात."

हसायचे आणि तसंच पाठवायचे. बरोबर होतं त्यांचं. पेपरातल्या साहेबांना तेच लागायचं.

त्याच सुमाराला मामंजी गेले. मामंजी म्हणजे माझे सासरे. मेले असं मी म्हणत नाही. गेले. ते एका लूमच्या कारखान्यात मेहता होते, म्हणजे कामगारांची हजेरी आणि कापडाचे ताके बघणारा माणूस. वैशाखातली गोष्ट. जेवले, टोपी घातली, "टेमघरला जाऊन येतो" म्हणाले, आणि आले नाहीत. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, बाईचं काही नव्हतं. लोकांनी तिन्ही खोदून बघितलं. टेमघरला ज्यांच्याकडे निघाले होते ते म्हणाले, इकडे आलेच नाहीत. टेमघर म्हणजे काशी नव्हे. माणूस चालत जातो आणि चहाच्या वेळेला परत येतो.

ज्या पोलीस ठाण्यात भावजी रोज बातमी विचारायला जायचे, तिथेच बसून त्यांनी वडिलांचं वर्णन सांगितलं. हवालदार ओळखीचा. तो म्हणाला, "मनोहरभाऊ, तुम्हीच लिहून काढा ना, तुमचं अक्षर चांगलंय." भावजींनी लिहायला घेतलं आणि उंचीपाशी अडले. बापाची उंची कुणाला ठाऊक असते? घरी येऊन सासूबाईंना विचारलं.

"आपल्या दारातनं वाकून येतो," त्या म्हणाल्या. "तेवढी."

दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर खाली तीन ओळी होत्या. भिवंडीतील गृहस्थ बेपत्ता. भावजींनीच लिहिलेल्या. मी विचारलं, "माझे वडील असं का नाही घातलंत?"

"बातमीत 'माझे' चालत नाही, वहिनी."

महिनाभर वाट बघितली आणि मग पैसे भरून जाहिरात द्यायचं ठरलं. फोटोसकट. तशा जाहिराती तेव्हा सगळ्याच पेपरांत यायच्या आणि सगळ्या एकसारख्या असायच्या. भावजींनी तशीच लिहिली आणि सासूबाईंपुढे बसून वाचली. "दादा, असाल तिथून परत या. आई काळजीत आहे. तुम्हाला कोणी काही बोलणार नाही."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं.

"कोनी काय बोलनार न्हाय? मी बोलनार. आल्यावर पयलं मीच बोलनार. खोटं नको छापूस."

"अगं आई, तसं लिहायची पद्धत आहे."

"म्हनून कोनी परत येत न्हाय. घरातल्यांना म्हायती असतं ना, बोलनार म्हनून. खोटं वाचल्यावर मानूस कशाला येईल?"

शेवटी छापलं ते असं : "दादा, असाल तिथून या. आई बोलेल. तरी या."

मामंजी आले नाहीत. पण पेपरात जाहिराती घेणारा जो बाबा होता, त्याने ती ओळ वाचली. भावजींना बोलावून विचारलं, हे कोणी लिहिलं? आणि मुंबईतल्या एका जाहिरात कंपनीत त्यांना धाडलं. तिथे मराठी लिहिणारा माणूस हवाच होता. वर्षभरात बातम्या सुटल्या आणि भावजी नोकरदार झाले, इस्त्रीचा शर्ट, महिन्याचा पगार. बापाला हाक मारायला गेलेला मुलगा नोकरी घेऊन आला. सासूबाईंना हे कधीच पटलं नाही. पगाराचे पेढे त्यांनी देवापुढे ठेवले, स्वतः तोंडात घातले नाहीत.

जाहिरातीची भाषा मला बातमीहून कठीण वाटायची. इंग्रजीतून आलेलं असायचं, त्याचं मराठी करायचं.

"वहिनी, ऐका. 'आपल्या त्वचेला द्या कोमल स्पर्शाचं वरदान.'"

"हे कशाचं?"

"साबणाचं."

"साबण अंगाला लावतात. त्वचा डॉक्टरकडे गेल्यावर असते."

"बरं, कुकरचं झाकण लावताना तुम्हाला काय वाटतं?"

"काही वाटत नाही. लावते."

"काहीच नाही?"

"शिट्टी होईल, असं वाटतं."

एकदा त्यांनीच गळ घातली म्हणून केसांच्या तेलासाठी मी ओळ सुचवली. लावा आणि गप्प बसा. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे पोट धरून हसले म्हणे. घेतली नाही कुणी.

पण मी बघत होते. भावजींच्या लिहिण्याला चमक आली होती आणि चेहऱ्यावरचं काहीतरी उतरलं होतं. दुसऱ्याचा साबण, दुसऱ्याच्या साड्या, दुसऱ्याचे पंखे. कशाखाली नाव नाही. बातमीखाली निदान "आमच्या वार्ताहराकडून" असायचं. त्यांना स्वतःचं एक पुस्तक लिहायचं होतं आणि ते वडिलांवर लिहायचं होतं. ह्या दोन गोष्टी त्यांनी मला सांगितल्या, तेव्हा माझे हात अळूवड्यांच्या पिठात होते. मी म्हटलं, लिहा. म्हणाले, वेळ कुठाय?

वेळ पितरांनी दिला. दिवाळीच्या जाहिराती गणपतीआधीच करून ठेवायच्या असत आणि छापून यायच्या त्या घट बसल्यापासून. मधल्या पंधरवड्यात कोणी काही विकत घेत नाही, म्हणून कोणी जाहिरात देत नाही, म्हणून ऑफिसात काम नाही. भावजी तेवढे दिवस रजा टाकायचे आणि माजघरात खिडकीपाशी बसायचे. अंगात बनियन, मांडीवर पाट, पाटावर कागद. बाहेर माग, आत मी आणि सासूबाई. खिरीत जायफळ किसलं की मान वर करून वास घ्यायचे आणि परत खाली.

शेजारच्या मालूताई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "अरे मनोहर, ह्या दिवसांत नवं काम काढू नये रे बाळा. अमावास्या तरी होऊ दे."

"अमावास्या झाली की घट बसतात, मालूताई. घट बसले की साड्या माझ्या डोक्यावर बसतात."

असा त्यांचा धंदा. वर्षभर जाहिरातवाला आणि पंधरवडाभर लेखक. नवरात्र आलं की कागद बांधून माळ्यावर. पुढच्या भाद्रपदात खाली काढायचे, वाचायचे, फाडायचे आणि पहिल्यापासून सुरू. मला वाटायचं आळस आहे. एकदा स्पष्ट विचारलं, "दर साली पहिलंच पान कसं होतं तुमचं? मुलं दहावी होऊन निघाली."

तेव्हा त्यांनी दोन कागद माझ्यापुढे ठेवले. पहिल्यावर लिहिलं होतं, माझे वडील उंच आहेत. दुसऱ्यावर, माझे वडील उंच होते.

"ह्यातलं कुठलं लिहू, वहिनी?"

मला तोंड नाही असं कुणी म्हणणार नाही, पण तिथे माझंही तोंड बंद झालं.

कारण आमच्या घरात "होते" हा शब्द मामंजींच्या बाबतीत कुणी उच्चारत नव्हतं. सासूबाई कुंकू लावत होत्या, मंगळसूत्र घालत होत्या, हळदीकुंकवाला जात होत्या. त्यांच्या बोलण्यात मामंजी नेहमी आत्ताचे. "त्याला तिखाट लागतं." "तो दुपारी चा घेतो." बाहेरचं कुणी चुकून "होते" म्हणालंच तर त्या बाईकडे बघायच्या आणि आत निघून जायच्या. पुढे पुढे लोक जपून बोलायला लागले. माझं विचाराल तर तिसऱ्या वर्षीच माझ्या मनाने घेतलं होतं, हा माणूस मेला. उगाच खोटं का सांगू? पण एवढी एक गोष्ट मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही.

ह्या पंधरवड्यात तर तो प्रश्न दारातच येऊन उभा राहायचा. मामंजी होते तोवर ते आपल्या वडिलांचं पान घालायचे. ते गेल्यावर पहिल्याच वर्षी आमचे हे, म्हणजे थोरला मुलगा, पाटावर बसले. गुरुजींनी दर्भ हातात देताना सहज विचारलं, "वडील आहेत ना?" कारण वडील जिवंत असतील तर मुलाला आजोबांचं श्राद्ध घालता येत नाही. अधिकार बापाचा. हे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी खाली बघितलं. आतून सासूबाईंचा आवाज आला, "हाय."

"मग तुम्हाला अधिकार नाही," गुरुजी म्हणाले आणि दर्भ परत घेतले.

झालं. तेव्हापासून आजेसासऱ्यांचं पान बंद. स्वयंपाक व्हायचा, कावळ्याला ठेवायचा, पण विधी नाही. ह्यांना त्याचं फार लागायचं. नगरपालिकेत कारकून माणूस, कागद पुरा झाल्याशिवाय झोप न येणारा. बारा वर्षं झाली तेव्हा ह्यांनी विषय काढला. शास्त्रात आहे की बारा वर्षं माणूस सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. मग सगळं रीतसर होतं. ह्यांनी गुरुजींशी बोलून ठेवलं होतं.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "गवतच जाळायचं आसंल तर शेलारला जा. पेंढा पडलाय ढिगानं."

"आई, किती दिवस असं?"

"ज्याला मेलेला मी बघितला न्हाय, त्याला मेला म्हनायचा हक मला कोनी दिला?"

लोकांना वाटायचं, म्हातारीचं किती प्रेम. प्रेमाचं मला माहीत नाही. त्या दोघांना दहा वाक्यं लागोपाठ बोलताना मी पाहिलेलं नाही. ते जेवायला बसत, ह्या वाढत, संपलं. मला वाटतं, त्यांना खोटं सहन होत नव्हतं, एवढंच. जाहिरातीत नाही, आणि श्राद्धातही नाही.

एवढ्यात नव्वद साल मागे पडलं. ठाण्याच्या एका प्रकाशकाने भावजींचे दोन-चार लेख वाचले होते. तो म्हणाला, वडिलांवरचं पुस्तक ह्या दिवाळीपर्यंत द्या, नाहीतर मी दुसरं काम धरतो. भावजी चाळिशीकडे आलेले. कानापाशी पांढरे केस. त्या वर्षी गणपती बुडाले आणि ते जे खिडकीपाशी बसले ते उठलेच नाहीत. जेवणाचं ताट तिथेच नेऊन द्यायची. ह्या खेपेला काही फाडलं नाही. सर्वपित्री अमावास्येच्या अलीकडच्या शुक्रवारी सकाळी म्हणाले, "वहिनी, संपलं." चेहरा मात्र संपल्यासारखा नव्हता.

सगळं "आहेत" करून लिहिलं होतं. आईसाठी.

"वाचून बघितलं," ते म्हणाले, "आणि लाज वाटली. दादा उंच आहेत, दादा शांत आहेत, दादा कष्टाळू आहेत. साबणाची जाहिरात वाटते. बातमीत सगळं झालेलं असतं, जाहिरातीत सगळं आहेच असतं. हे पुस्तक ह्या दोन्हींपैकी काहीच नाही."

"मग 'होते' करा."

"आई ह्याच घरात बसलेली असताना? मग हा दर्भाचा पुतळाच झाला, वहिनी. दादाने मागितला, तिने दिला नाही. मी न विचारता करू?"

थोरल्या भावालाही ते दादाच म्हणत, वडिलांनाही दादा. पण मला कळलं.

मग मला म्हणाले, "तुम्ही तिला वाचून दाखवा. माझ्याने होणार नाही. तिला जसं चालेल तसं पाठवतो. नाही चाललं तर नाही पाठवत."

शुक्रवार म्हणून माग बंद होते. सासूबाईंना एरवी कमी ऐकू यायचं, शुक्रवारी बरं ऐकू यायचं. दुपारी जेवणं झाल्यावर त्या माजघरात भिंतीला टेकून, पाय लांब करून वाती वळत बसल्या. मी कागद घेऊन समोर बसले. भावजी बाहेर ओट्यावर पेपर उघडून. पान एकदाही उलटलं नाही. ह्यांना मी आधीच बाजारात पाठवलं होतं.

मी वाचते चांगली. बोट ठेवून वाचते, पण अडखळत नाही. सासूबाई मधे मधे दुरुस्त्या सांगत होत्या.

"पांढरी टोपी न्हाय. काळी."

"कारखाना त्या अंगाला न्हाय, मशिदीच्या मागं. त्याला म्हनावं नीट लिव."

मी पेन्सिलीने खुणा करत होते. मामंजींचं चालणं आलं, तपकिरीची डबी आली, पावसाळ्यात ताके भिजू नयेत म्हणून स्वतःची छत्री कापडावर धरून ते भिजत आले ते आलं. सासूबाई हूं म्हणाल्या. मग मी पुढचं वाक्य वाचलं.

"दादा हसतात तेव्हा आवाज होत नाही."

"आवाज व्हत नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "पोट हालायचं. निसतं पोट हालायचं."

मी वर बघितलं नाही. बोट होतं तिथेच ठेवलं. बाहेर कुठे एक कोंबडी ओरडत होती, बाकी काही नाही. कापसाचा पेळू त्यांच्या दोन बोटांत तसाच राहिला होता, अर्धा वळलेला.

"थांबलीस कशाला? वाच."

मी वाचलं. "कधी कधी जेवताना एकटेच हसतात."

"हसतात न्हाय. हसायचा." मग गळा साफ करून त्यांनी हाक मारली. "मनू! आत ये. लपून काय बसलास? पेपर उलटा धरलायस का सुलटा?"

भावजी आत येऊन दाराशी उभे राहिले, पन्नास किलोचं पोतं डोक्यावर असल्यासारखे.

"हे आहे आहे काय लावलंस रं? कवाधरनं ऐकते. त्या मानसाला आतापतुर कंटाळा आला आसंल."

"तू म्हणतेस म्हणून, आई."

"मी म्हनते ते मी म्हनते. मी त्याची बायको हाय. तू लिवनारा हायेस. आज दिसला का तुला तो?"

"नाही."

"काल?"

भावजींनी नकाराची मान हलवली.

"मंग जो दिसला त्यो लिव ना. दिसला त्यो व्हताच. पुस्तकात व्हता लिव. माझ्या कपाळाचं मी बघते."

भावजी खाली बसले. रडले वगैरे नाहीत. आमच्या घरात रडायची पद्धत नाही. कागद माझ्या हातातून घेतले आणि विचारलं, "पोट हालायचं, हे घालू?"

"घाल. खरं हाय ते."

ह्यांना संध्याकाळी हे कळलं तेव्हा ते आनंदाने उठलेच. "मग आता गुरुजींना सांगतो, विधीचं."

"इधी कसला?" सासूबाई म्हणाल्या. "मी लिवायला सांगितलं. मारायला न्हाय."

अमावास्येपर्यंतचे उरलेले दिवस भावजी नुसते क्रियापदं बदलत होते. मी चहा द्यायला गेले की म्हणायचे, वहिनी, एक अक्षर बदललं तरी अख्खं वाक्य हलतं, मागचं पुढचं पण हलतं. मला ते कळलं नाही आणि मी कळल्यासारखं दाखवलंही नाही. घट बसले त्या दिवशी कागद ठाण्याला गेले. दिवाळीत नाही, पण होळीच्या आधी पुस्तक आलं. ते लोकांना आवडलं. मग दुसरं आलं, तिसरं आलं. काही वर्षांनी नोकरीही सोडली आणि बाराही महिने लेखक झाले. पुढची पुस्तकं मी वाचली आहेत. चांगली आहेत, पण लांब आहेत. पंधरवडा सुटला की माणूस पसरतो. हे त्यांना मी सांगितलेलं आहे.

सासूबाईंनी ते पुस्तक परत वाचून घेतलं नाही. एकदा ऐकलं, पुरे म्हणाल्या. बोलण्यात मामंजी पूर्वीसारखेच. "त्याला तिखाट लागतं." भावजी समोर असले तरी. आणि भावजीही, "हो, लागतं" म्हणायचे.

त्या गेल्या त्या थंडीच्या दिवसांत, सकाळच्या वेळी, अंथरुणातच. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गल्लीतल्या बाया जमल्या. आंघोळ घातली आणि मग सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. सवाष्ण गेली तर हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू आणि ओटी. विधवा गेली तर ह्यातलं काही नाही. विचारायचं धाडस कुणाला होईना. शेवटी मालूताईच म्हणाल्या, हळू आवाजात, "अगं, काय नेसवायचं हिला? म्हणजे, धाकट्याने पुस्तकात तर होते असंच लिहिलंय. छापलेलं आहे ते."

वाईट हेतूने नाही म्हणाल्या. पण भावजी दारातच उभे होते. त्यांचा चेहरा मी बघितला. जो शब्द लिहायला एवढी वर्षं घाबरले, तो आता आईच्या अंगावरची साडी काढून घ्यायला निघाला होता.

मी म्हटलं, "पुस्तकात होते. घरात आहेत. हिरवी काढा."

ट्रंकेत एक हिरवी साडी होती, तिच्या घड्या पिवळ्या पडलेल्या. मी ती झटकली. बांगड्या मात्र घरात नव्हत्या. मी वळून सांगायच्या आत भावजी चपला घालून गेलेसुद्धा.

चुडीवाला आमच्या ओळखीचा, नाक्यावर दुकान. पुढे कधीतरी मला त्यानेच सांगितलं. भावजींनी हिरव्या बांगड्या मागितल्या तेव्हा त्याने विचारलं, "किसके वास्ते, मनोहरभाई?" भावजी म्हणाले, "माँ गुजर गई." त्याने हात थांबवला. त्यालाही आमची रीत माहीत होती. जपून विचारलं, "बाबूजी हैं क्या?"

भावजी बांगड्या निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "हैं."